पहिल्या दोनशे ओळी

डस्टरबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. पण ऑफिसात वीस वर्षं हेच नाव चाललं आणि ते बाईंना ठाऊकही होतं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती झाली नाही, इतकंच. आणि खरं सांगायचं तर मनातून बाईंना ते आवडायचं.

ऑफिस बंदराच्या मागच्या रस्त्यावर, जाळी आणि दोरखंड विकणाऱ्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर. काम एकच. येत्या चोवीस तासांत समुद्रात कुठं किती उंच लाट उठेल, याचं गणित करायचं आणि दहाच्या आत त्याचा कागद बंदरावर लावायचा. दहाला बोटी सुटतात. साडेदहाला लावलेल्या कागदाला कुणी विचारत नाही. हे गणित करणारा प्रोग्राम बाईंनी वाढवला होता. पोटच्या पोरासारखा म्हणतात ना, तसा. बाईंचा पोटचा पोरगा मात्र म्हणायचा की पोराला आईनं एवढा वेळ कधी दिला नाही. ते जाऊ द्या.

बाईंचे वडील शाळेत गणित शिकवायचे. त्यांचा घरातला एकच कायदा होता, आधी पाटी कोरी, मग गणित. वडिलांच्याच वर्गात एकदा बाईंनी पाटी नीट पुसली नव्हती. कोपऱ्यात आदल्या गणितातला एक सात राहून गेला, तो बेरजेत शिरला आणि उत्तर चुकलं. वडिलांनी सगळ्या वर्गासमोर कानाखाली वाजवली. बाई तेव्हा आठ वर्षांच्या. ती चपराक बाई जन्मात विसरल्या नाहीत. तेव्हापासून कामाआधी पुसायचं म्हणजे पुसायचं, मग ती पाटी असो, ओटा असो, टेबल असो.

या पुसण्यानंच पुढं त्यांचं नाव झालं. नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील नसतील. एका सकाळी, वारा नाही, ढग नाही, आणि प्रोग्रामनं सांगितलं की आज बंदराबाहेर चाळीस मीटरची लाट उठणार. चाळीस! म्हणजे बारा-तेरा मजली इमारत चालत येणार. तेव्हाच्या साहेबांची पाचावर धारण बसली. बंदर बंद केलं, बोटी बांधून ठेवल्या. आणि समुद्र दिवसभर तव्यासारखा सपाट. बोटवाल्यांनी ऑफिससमोर उभं राहून ज्या शिव्या घातल्या, त्या ऐकून खालच्या दुकानदारांनी शटर ओढून घेतली.

चूक शोधली ती बाईंनी. त्यांना चारच दिवस लागले. प्रोग्राम कंप्युटरकडून आकडे मांडायला जागा घेत होता, म्हणजे मेमरी, पण ती जागा पुसून घेत नव्हता. आधीच्या कुठल्यातरी कामाचे उरलेसुरले आकडे तिथं पडलेले होते, त्यांनाच तो लाट समजला. अगदी तोच कोपऱ्यातला सात. बाईंनी प्रोग्रामच्या सुरुवातीलाच एक ओळ घातली. काही करायच्या आधी सगळा समुद्र शून्यानं पुसून काढायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा तशी लाट कधी आली नाही. साहेबांनी हुकूमच काढला की प्रोग्रामच्या पहिल्या दोनशे ओळींना बाईंशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्यावर बाईंचा पासवर्ड बसला. वर बाईंनी स्वतःचा एक नियम जोडला. जो कुणी प्रोग्राममध्ये बदल करील त्यानं कंप्युटरमधल्या नोंदवहीत कारण लिहायचं, आणि एकदा लिहिलेलं कारण कुणालाही बदलता येणार नाही. कुणालाही म्हणजे बाईंनासुद्धा. माणसं लबाडी करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. बरोबरच होतं म्हणा.

वीस वर्षं गेली. साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, बाईंचे केस पांढरे झाले. ती ओळ जागची हलली नाही. नवीन कुणी कामाला आलं की बाई त्याला शेजारी बसवून पहिल्यांदा तीच ओळ दाखवायच्या आणि चाळीस मीटरची गोष्ट सांगायच्या. ऐकणारा दुसऱ्यांदा ऐकत असला तरी हसायचा. न हसून सांगतो कुणाला!

मग नवीन यंत्र आलं. केवढं धूड ते! त्याच्यासाठी खालची एक खोली रिकामी केली, थंड हवेची सोय केली. जुन्या यंत्रात एकच प्रोसेसर होता, म्हणजे आकडेमोड करणारा मेंदू. नव्याच्या पोटात चार, चार वेगवेगळ्या सॉकेटांत, म्हणजे खोबणींत, बसवलेले, आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याची त्याची मेमरी. साहेबांनी ठरवलं की आता समुद्राचा नकाशा चौपट बारीक करायचा. इतकी वर्षं खाडीच्या तोंडाशी काय होतं ते नकाशात दिसतच नव्हतं, आता तेही दिसेल.

एवढं काम चार प्रोसेसरांत वाटायचं, तर त्यातला जाणकार हवा. म्हणून कंत्राटावर एक जण घेतला. चौतिशीचा, उंच, कमी बोलणारा, भरघोस दाढी. पहिल्याच दिवशी शिपायानं त्याचं नाव दाढीवाला पाडलं. बायको आणि मुलीला घेऊन तो दुसऱ्या गावाहून आला होता. मुलीला इथल्या शाळेत घातलं, तिथल्या गणवेशाच्या बाह्या तिला लांब होतात, एवढंच काय ते त्यानं स्वतःबद्दल कधी सांगितलं असेल.

दाढीवाल्यानं समुद्राचे शहाण्णव पट्टे पाडले आणि एकेक पट्टा एकेका थ्रेडला दिला. थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या पोटातला एकेक कामकरी, सगळे एकाच वेळी राबणारे. प्रत्येक सॉकेटवर चोवीस थ्रेड. वाटणी इतकी नेटकी की बाईंनीही चष्मा पुसून दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, "ठीक आहे." बाईंच्या तोंडून ठीक आहे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून वाहवा.

निरीक्षणं सकाळी आठला येतात. नवीन यंत्र आठला सुरू झालं. सगळ्यांची अपेक्षा होती की साडेनऊ-पावणेदहाला संपेल. दहा वाजले, अकरा वाजले, जेवणाची सुट्टी झाली. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी संपलं. सहा तास दहा मिनिटं! साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, दुपारी दोनला सकाळच्या लाटा सांगायच्या, तर त्या खिडकीतून बघून मीच सांगेन की."

तेव्हापासून सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. रोज जुन्या यंत्रावर कागद निघायचा आणि खाली नवं धूड घोरत पडायचं. दाढीवाला तासन् तास आकडे बघत बसायचा. एका दुपारी तो चहाचा कप घेऊन बाईंच्या टेबलाशी आला.

"मॅडम, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार की. रागवायला काय झालंय?"

"ते वरचं पुसणं आहे ना... ते एकच थ्रेड करतो. सगळा समुद्र एकटाच पुसतो. त्याऐवजी प्रत्येक थ्रेडनं आपापला पट्टा पुसला तर? मला वाटतं जागा..."

बाईंनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. "तू शाळेत होतास ना, तेव्हापासून ती ओळ तिथं उभी आहे. तिनं या बंदराची अब्रू राखलीय. तुझ्या वाटणीत काय घोळ आहे तो आधी बघ."

"घोळ असेलही मॅडम. पण एकदा करून बघायला काय हरकत आहे? एक प्रत काढून..."

"पहिल्या दोनशे ओळींना हात लावायचा नाही. आणि माझ्या मंजुरीशिवाय त्या यंत्रावर काही चालत नाही, माहीत आहे ना?"

माहीत होतंच. तो "बरं मॅडम" म्हणाला आणि गेला. कप टेबलावर तसाच राहिला. त्याचा गोल डाग पडलेला बाईंना दिसला, तो त्यांनी लगेच पुसून टाकला.

पंधरा दिवसांनी साहेबांनी लेखी मागितलं, की दोष कुणाचा? यंत्र खरेदी करणारे अधिकारी, त्यांना सगळे खरेदीवालेच म्हणत, ते छाती ठोकून सांगत होते की यंत्रात तसूभर खोट नाही. मग उरला प्रोग्राम. त्यातल्या पहिल्या दोनशे ओळी बाईंच्या, म्हणजे त्यांच्याकडे कुणी बघणारच नाही. राहिला कोण? बाईंनी अहवाल दिला : थ्रेडांच्या वाटणीत त्रुटी आहे. खाली वळणदार सही.

बाईंना तेव्हा ते खरंच वाटत होतं, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगतो. मुद्दाम कुणाच्या पोटावर पाय द्यावा असा त्यांचा स्वभाव नव्हता. पण समोरचा माणूस बोट ठेवून चूक दाखवत असताना तुम्ही त्याचं बोट बाजूला सारता आणि मग त्याच्याच नावानं कागद करता, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

दाढीवाल्याचं काम थांबवलं. त्याच्या कंत्राटाचा निकाल बुधवारी समितीसमोर लागणार होता. नुसतं काम गेलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण "कामातील त्रुटी" असा शेरा पडला की तो सगळ्या सरकारी ऑफिसांत जातो आणि मग तिथं कुणी दारात उभं करत नाही. हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. असे दोन शेरे त्यांनीच पूर्वी टाइप केलेले होते.

आणि मग आला रविवार.

बाईंचं घर तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाई आणि त्यांचे यजमान, मागच्या खोलीत मुलगा, सून आणि वर्षाचा नातू, मध्ये स्वयंपाकघर. घरातले धुतलेले कपडे फक्त बाई घडी घालायच्या. दुसऱ्या कुणी घातलेली घडी त्यांना चालायचीच नाही, मोडून परत घालायच्या. घडी बाईंनी घातली की कपडे जाणार कुठं? बाईंच्या हाताशी जे कपाट, त्यात. मागच्या खोलीतही चांगलं चार खणांचं कपाट होतं. त्यात पतंगाचं एक जुनं पुठ्ठ्याचं खोकं आणि डांबराच्या गोळ्या.

त्या सकाळी मुलगा मोजे मागायला आला. त्याच्या मागं यजमान बनियन मागायला उभे. बाई कपाटात डोकं घालून मोजे शोधतायत, तोवर सून आली. नातवाला आंघोळ घातलेली, पोर ओलं, निथळतंय, थंडीनं कुडकुडतंय. ती तिसरी. फरशीवर पाण्याचं तळं झालं.

"आई, टॉवेल."

"थांब गं जरा, हातात काम आहे दिसत नाही?"

सून तशी शांत मुलगी. चार वर्षांत आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. पण बोलली.

"आई, कपाट आमच्याही खोलीत आहे हो. रिकामं आहे. पण घड्या तुम्ही घालता म्हणून सगळं तुमच्या कपाटात जाऊन बसतं. मग आम्ही दिवसभर तिकडून इकडे खेपा घालतो आणि इथं रांग लावतो. आमच्या घड्या आम्हाला घालू द्या की. जिथं घातल्या तिथंच राहतील ना कपडे."

यजमान फिस्सकन हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. हाताला आलेला टॉवेल तसाच धरून उभ्या राहिल्या. सुनेला वाटलं, आता काही खरं नाही. तिनं टॉवेल हळूच ओढून घेतला आणि पोराला गुंडाळून निघून गेली.

बाईंच्या डोळ्यांसमोर यंत्राच्या पुस्तकातलं एक पान उभं राहिलं होतं. ते त्यांनी वाचलेलं होतं, पेन्सिलीनं खूणही केली होती. या यंत्रात प्रोग्रामनं जागा मागितली म्हणून ती तेव्हाच मिळत नाही. त्या जागेवर जो थ्रेड पहिला आकडा लिहील, त्याच्या सॉकेटशेजारची मेमरी तिला मिळते. पहिला हात ज्याचा लागला, जागा त्याच्या दारात. आणि पहिला हात कुणाचा लागत होता? बाईंच्या त्या एका ओळीचा. पहिल्या सॉकेटवरचा एकटा थ्रेड सगळा समुद्र पुसायचा, म्हणून सगळा समुद्र पहिल्या सॉकेटशेजारी जाऊन बसायचा. बाकीच्या तिघांची मेमरी मागच्या खोलीतल्या कपाटासारखी रिकामी, आणि त्यांचे बहात्तर थ्रेड एकेका आकड्यासाठी एकाच दाराशी रांग लावून उभे. जुन्या यंत्रात प्रोसेसर एक, मेमरी एक. तिथं ही ओळ गुणाची. इथं तीच सगळ्यांच्या मुळावर आलेली.

"मला वाटतं जागा..." असं तो म्हणाला होता. पुढचं वाक्य काय असणार होतं, ते बाईंना आता अक्षरन् अक्षर कळलं.

सोमवारी सकाळी सात वाजता बाई ऑफिसात. आपल्या पासवर्डनं पहिल्या दोनशे ओळी उघडल्या. बदल सात ओळींचा होता. पुसायचं काम शहाण्णव थ्रेडांत वाटून दिलं, ज्याचा पट्टा त्यानंच पुसायचा. दाढीवाल्याच्या वाटणीला हातसुद्धा लावला नाही. लावायची गरजच नव्हती. आठला यंत्र सुरू केलं आणि घड्याळ समोर ठेवून बसल्या. नऊ पस्तीसला संपलं. आकडे ताडून पाहिले, जुळले. खाडीच्या तोंडाशी उठणाऱ्या लाटा पहिल्यांदाच कागदावर दिसत होत्या.

ऑफिसात नुसता कल्लोळ. शिपायानं सगळ्यांना चहा पाजला. साहेब स्वतः टेबलाशी आले. "मॅडम, काय केलंत तरी काय?"

"थोडी साफसफाई," बाई म्हणाल्या. सगळे हसले. डस्टरबाईच त्या.

साहेब गेल्यावर नोंदवही भरायची होती. बदलाचं कारण. बाईंनी लिहिलं, "मूळ ओळीतील चूक दुरुस्त केली." ते बराच वेळ बघत राहिल्या. वीस वर्षांत त्या दोनशे ओळींपुढं चूक हा शब्द आलेला नव्हता. मग त्यांनी तो मजकूर पुसला. पुसण्यात हात बसलेलाच होता. लिहिलं, "नियमित देखभाल". बटण दाबलं. झालं, आता ते कुणालाही बदलता येणार नव्हतं.

"बुधवारी सांगते की सगळ्यांसमोर," असं त्यांनी मनाशी घोकलं. नोंदवहीचं काय एवढं, ती कोण वाचतं!

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमान निवृत्त पोस्टमास्तर, कमी बोलायचे आणि नेमकं बोलायचे. "मग प्रश्न काय आहे?" ते म्हणाले. "गेल्या गेल्या पहिलं वाक्य तेच बोल. चूक माझ्या ओळीत होती, त्याची वाटणी बरोबर होती. दुसरं वाक्य बोलायच्या आधी."

"हो तर. न सांगायला काय झालं?"

बाईंनी ते वाक्य एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलं. मागच्या खोलीतलं कपाट सुनेला मोकळं करून दिलं ते त्याच संध्याकाळी. डांबराच्या गोळ्या स्वतः वेचल्या. "तुझ्या घड्या तू घाल हो," असं तोंडभरून म्हणाल्या. सुनेचे डोळे भरून आले. घरातल्या घरात मन मोठं करायला काय जातं हो! तिथं समिती बसत नाही.

बुधवारी अकराला समिती बसली. टेबलाच्या एका बाजूला साहेब, खरेदीवाले आणि मुख्यालयातून आलेले एक वयस्क गृहस्थ. दुसऱ्या बाजूला बाई. कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून. बाईंनी पर्स मांडीवर घेतली होती, तिची चेन उघडलेली.

पण पहिलं वाक्य साहेबांनी पटकावलं. "आधी आनंदाची गोष्ट," ते म्हणाले. मग मुख्यालयाच्या गृहस्थांनी चाळीस मीटरची गोष्ट काढली. ती म्हणे तिकडेही सांगतात. "आणि आज पुन्हा तुम्हीच. तीच नजर! आम्ही ठरवलंय, निवृत्तीनंतर दोन वर्षं तुम्ही इथंच राहायचं. आणि नवीन माणसं तयार करायची. आम्हाला दुसऱ्या डस्टरबाई हव्यात." तोंडावर! पहिल्यांदाच कुणीतरी तोंडावर म्हणालं, आणि तेही मुख्यालयाचं माणूस. बाईंचा चेहरा फुलला. फुलला हे त्यांनाही कळलं, आणि कळूनही तो आवरता आला नाही.

"आता त्या मुलाचं," साहेब म्हणाले. "अहवाल तुमचाच आहे. त्यात काही बदल?"

हाच तो क्षण. चिठ्ठी पर्समध्ये, बोट चिठ्ठीवर. खोलीत पंखा फिरतोय. चौघं बाईंकडे बघतायत, कौतुकानं.

"तसं बघितलं तर..." बाईंनी चिठ्ठीवरचं बोट काढून घेतलं. "दोन्हीकडून थोडं थोडं होतं. वरच्या बाजूलाही थोडं होतं. मी ते करून टाकलं."

"वाटणीतही होतं?"

"वाटणीतही... म्हणजे, पूर्णपणे नाही म्हणता येणार नाही."

खरेदीवाल्यांनी वैतागून पेन आपटलं. "मॅडम, सोपं सांगा हो. अहवाल कायम की नाही?"

"कायमच म्हणायचा तसा."

कारकुनानं लिहिलं, कायम. "तसा" त्यानं लिहिलं नाही. अशा गोष्टी कोण लिहितो? पुढच्या विषयाला म्हणजे थंड हवेच्या यंत्राच्या दुरुस्तीला पंधरा मिनिटं लागली. दाढीवाल्याला दोनही लागली नव्हती.

संध्याकाळी यजमानांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "बोललीस?"

"विषयच तसा नीट निघाला नाही. पण मी म्हटलं, की दोन्हीकडून होतं म्हणून."

यजमानांनी पेपराची घडी घातली. ती घडी वाकडी होती. बाईंनी हात पुढं केला, तशी त्यांनी ती बाजूला ठेवून दिली आणि उठून मागच्या खोलीत नातवाकडे जाऊन बसले. बाईंनी चिठ्ठी चार तुकडे करून केराच्या डब्यात टाकली, आणि मग डब्याचं झाकणही पुसलं.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला दाढीवाला आला. बंदरावर कागद लागून गेला होता. ओळखपत्र परत करायचं आणि सह्या घ्यायच्या, असं त्याचं काम होतं. दाढी नीट कातरलेली. बरोबर मुलगी होती, गणवेशात नव्हती. शुक्रवारी सकाळी शाळेच्या वेळेला ती इथं कशी, हे बाईंनी विचारलं नाही. शिपायानं तिला खिडकीशी नेऊन बोटी दाखवायला सुरुवात केली.

"बस ना," बाई म्हणाल्या.

"नको मॅडम, गाडीची वेळ आहे." त्याची नजर बाईंच्या स्क्रीनवर गेली. "नऊ पस्तीस?"

"हो."

"म्हणजे पुसणं वाटून दिलंत." हा प्रश्न नव्हता. त्यानं जरा वाकून नोंदवहीचं पान वाचलं. तारीख, वेळ, ओळी एक ते दोनशे, बाईंचं नाव, कारण : नियमित देखभाल. ते त्यानं वाचलं आणि सरळ उभा राहिला. बाईंना वाटलं, आता हा बोलेल. चार शब्द सुनावील, ओरडेल. ओरडला असता तर बाईंनी रडून घेतलं असतं, आणि रडता रडता कदाचित साहेबांच्या खोलीपर्यंत गेल्याही असत्या. कोण जाणे.

"सगळ्या सॉकेटांवर सारखा भार येतोय ना?" त्यानं विचारलं.

"येतोय. तुझी वाटणी..."

"मला तेवढंच बघायचं होतं." त्याचा चेहरा क्षणभर उजळला. खरंच उजळला, काम जमलेल्या माणसाचा उजळतो तसा. आणि लगेच विझला. त्यानं खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला. "इथं सही हवी होती. विभागप्रमुख म्हणून तुमची."

फॉर्म टाइप केलेला होता. ओळखपत्र जमा. पुस्तकं जमा. कंत्राट संपवण्याचं कारण : कामातील त्रुटी. त्याखाली रेघ, सहीसाठी.

"अरे, मी बोलणार होते समितीत," बाई म्हणाल्या. "मी अजूनही साहेबांशी..."

तो थांबला. खरोखरच थांबला, बाईंकडे बघत. खिडकीशी मुलगी शिपायाला विचारत होती, ती लाल बोट कुठं चाललीय? बाईंनी दाराकडे पाहिलं. साहेबांची खोली दाराबाहेर डाव्या हाताला, पंधरा-वीस पावलांवर. आत कुणाशी तरी हसत बोलत असल्याचा आवाज इथवर येत होता. बाईंनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला. पण उठल्या नाहीत.

"राहू द्या मॅडम," तो शेवटी म्हणाला. "सही करा. फॉर्म घेणारी खालची खिडकी साडेदहाला बंद होते."

बाईंनी पेन घेतलं. वळणदार सही केली, वीस वर्षं करत आल्या तशीच. फॉर्म त्याच्याकडे सरकवला.

त्यानं तो पाहिला आणि परत टेबलावर ठेवला.

"तारीख राहिली, मॅडम."

बाईंनी तारीख घातली.